इंटरप्ट मारला तरी थ्रेड थांबंना!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावरचं वजन दर दोन सेकंदांनी वाचणारा जावा प्रोग्रॅम लिहिलाय; वाचायचं काम एका थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत वेगळ्या चालणाऱ्या धाग्यावर. 'थांबवा' दाबलं की थ्रेडला इंटरप्ट, म्हणजे थांबायची सूचना, जातो, पण गडी चालूच! शेवटी थ्रेड जबरदस्तीनं बंद करणारा स्टॉप वापरला, तर जावा २१ नं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) तोंडावर मारलं. हमालही हसले.

उत्तर: स्टॉप १९९८ च्या जावा १.२ पासूनच डेप्रिकेटेड, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का बसलेला. जावा २० पासून तर चालतच नाही. कारण त्यानं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारं कुलूप) मध्येच सुटून डेटा अर्धवट राहायचा. दोन वाचनांमध्ये थांबवणाऱ्या स्लीपचा कॅच (एक्सेप्शन झेलणारा भाग) रिकामा सोडलायस का?

प्रश्नकर्ता: व्हय की! लूपच्या, म्हणजे परत परत फिरणाऱ्या कोडच्या, आतच हाय.

दुसरं उत्तर: मग घोळ तिथंच. स्लीप एक्सेप्शन फेकताना इंटरप्टची खूण पुसून टाकतं. लूपला पत्ताच नाही. कॅचमध्ये स्वतःलाच परत इंटरप्ट कर, आणि लूपच्या अटीत ती खूण तपास.

प्रश्नकर्ता: थांबला! ४९.६ किलोवर.