कुंड्या राहू द्या, बस बघा

रेल्वे स्टेशनांच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, ‘ब्रिटनमध्ये लोक स्टेशनं दत्तक घेऊन तिथे बागा फुलवतात, आपल्याकडे कुंड्यासुद्धा टिकायच्या नाहीत.’ कुंड्यांचं मान्य! पण तिकडे नुसती बागकामं चालत नाहीत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन-कॉर्नवॉल भागात स्थानिक लोक आणि रेल्वे यांची भागीदारी १९९१ पासून आहे. तिथल्या कौन्सिली, रेल्वे कंपनी आणि प्लिमथचं विद्यापीठ त्यात एकत्र आहेत. मुख्य मार्गातून फुटणाऱ्या छोट्या फाट्यांवरच्या गाड्यांना प्रवासी मिळवून देणं हे त्यांचं खरं काम. २००४ मध्ये सरकारनेही अशा मार्गांसाठी वेगळं धोरण आणलं. १९७२ ला बंद पडलेली डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टन गावाची रोजची गाडी २०२१ मध्ये परत धावली, त्यामागेही गावकऱ्यांचा अनेक वर्षांचा रेटा होता.

आता आपली नवी मुंबईची उरण लोकल लाइन घ्या. खारकोपरपर्यंत २०१८ ला आली, उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडलं. खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोचा (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), म्हणजे पैशातली भागीदारी आहेच. अडतं ते स्टेशनच्या बाहेर. मी रात्री उलव्याच्या बामणडोंगरी स्टेशनला उतरतो तेव्हा शेअर रिक्षावाला चौथी सीट भरेपर्यंत हलत नाही, आणि बस असलीच तर गाडी यायच्या पाच मिनिटं आधी निघून गेलेली असते. (गाडीला उशीर झाला की पुढची बस चुकून मिळते, उलटा न्याय!)

उलव्यातल्या सोसायट्यांनी आधी एवढंच करावं: कुठली गाडी, त्यानंतर बस किती वाजता, हे महिनाभर वहीत टिपावं. ती वही घेऊन परिवहनवाल्यांकडे जायला मी तयार आहे. शनिवारी कोणी येतंय का?