अनुभव धागा: लोकांनी उभारलेल्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर वाट कशी सापडते?

आमच्या कोल्हापूरच्या गटाने एका मुक्त सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळाची मांडणी बदलायला घेतली आहे. वापरणाऱ्यांनी आणि असं काम केलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत. सुरुवात मी करते.

चाळीस पानांची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून विद्यापीठाजवळच्या अभ्यासिकेत टेबलावर पसरली. मुलांना म्हटलं, जी जवळची वाटतात त्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला नावही तुम्हीच द्या. आमच्या मेनूत 'प्रकल्प', 'संसाधने', 'समुदाय' असे शब्द होते. त्यातला एकही त्यांनी वापरला नाही. त्यांनी लिहिलं: 'बसवायचं कसं', 'अडलं तर', 'मला हातभार लावायचाय'. 'संसाधने' ही आमची अडगळीची खोली होती; जे कुठं बसेना ते तिथं टाकलेलं.

उद्यमनगरहून
फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली तेव्हापासून ते शिकतोय. मी कुठल्याच संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर जात नाही. गुगलवर शोधतो आणि थेट आतल्या पानावर उतरतो. तिथं धडा कुठल्या आवृत्तीचा ते लिहिलेलं नसलं की संध्याकाळ वाया जाते, कारण चित्रातलं बटण माझ्या पडद्यावर नसतंच. राजारामपुरीत कुठंही उतरा, गल्लीचा नंबर दिसला की पुढं जायचं का मागं ते कळतं. तसं प्रत्येक पानावर पाहिजे: आवृत्ती, आपण कुठल्या विभागात आहोत, पुढचं पान कुठलं.

विद्यानगर, शिक्षिका
विद्यार्थ्यांना वाटलेल्या छापील टिपणात मी एका सॉफ्टवेअरच्या मदतपानांचे पत्ते दिले होते. पुढच्या सत्रात त्यांनी रचना सुधारली आणि जवळजवळ सगळे पत्ते ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', असं दाखवू लागले. नवी रचना खरंच चांगली होती, पण माझ्या मुलांपर्यंत ती पोचलीच नाही. पान हलवलंत तर जुन्या पत्त्यावर ३०१, म्हणजे 'पान कायमचं हलवलंय' ही खूण, लावा, म्हणजे वाचक आपोआप नव्या जागी जातो.

कागल
मदतपानं लिहितो. डॅनिएले प्रोचिदा यांची डायाटॅक्सिस पद्धत आम्हाला उपयोगी पडली. शिकवणारा धडा, एखादं काम करायची कृती, संदर्भ आणि समजावून सांगणं, हे चार वेगळे ठेवायचे. आमच्या एकाच लांबलचक पानात चारही कालवलेले होते.

शाहूपुरी
मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हे मुक्त स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्यात 'एच' दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. माझ्यासाठी तोच मेनू. बऱ्याच पानांवर शीर्षकं नुसती ठळक अक्षरं करून लिहिलेली असतात. डोळ्यांना ती शीर्षकं वाटतात, पण माझं 'एच' तिथं थांबत नाही, मग सगळं पान वरपासून ऐकावं लागतं. दुसरं, मी दुव्यांची यादी उघडतो तेव्हा 'येथे क्लिक करा' हेच बारा वेळा ऐकू येतं. कुठं जायचं ते दुव्यातच लिहा.

धागा सुरू करणारी
दादा, आमच्याकडे या दोन्ही चुका आहेत, आत्ताच तपासलं. 'बसवायचं कसं' विभागातली पानं आधी घेते. शनिवारपर्यंत होतील, तेव्हा एनव्हीडीए लावून एकदा ऐकाल का?