फुल अँड फायनल अडकलंय? नेमकं काय करायचं ते लिहा

नोकरी सुटली, पण 'फुल अँड फायनल' म्हणजे शेवटचा हिशेब झाला नाही, शेवटचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे आले नाहीत, अशी अनेकांची अडचण आहे. या कामातल्या जाणकारांनी लिहावं.

पगारपत्रकं करणारी:
शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं. त्याआधीच पे-स्लिपा, नेमणूकपत्र, राजीनामा आणि तो मंजूर झाल्याचा मेल स्वतःकडे घ्या. मंजुरीत कामाचा शेवटचा दिवस तारखेनिशी हवा. नसला की नोटिसचा काळ अपुरा भरला म्हणून कपात होऊ शकते. लॅपटॉप परत करताना सीरियल नंबर लिहिलेली पोच मागाच, कारण हिशेब बहुधा 'नो ड्यूज' म्हणजे 'काही देणं बाकी नाही' या दाखल्यापाशीच रखडतो. मग स्वतः आकडा काढा: भरलेले दिवस, रजा, अडकलेली बिलं, त्यातून टीडीएस (पगारातून कापला जाणारा कर) वजा. पैसे खात्यात येण्याआधी 'सर्व रक्कम मिळाली' या कागदावर सही अजिबात नको.
फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर विभागाकडचा तक्ता, तोही उघडा. न मिळालेला पगार तिथे दिलेला दिसत असेल, तर तो तुमच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो.

कामगार कायद्याचा वकील:
वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. राजीनामा असो वा काढून टाकलेलं असो, कलम १७प्रमाणे वेतन नोकरी सुटल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचं. '४५ दिवसांची पॉलिसी आहे' हे उत्तर आता चालत नाही. जुन्या कायद्यातली महिना २४,००० रुपयांची मर्यादाही गेली, म्हणजे मॅनेजरलाही दाद मागता येते.
आधी मेल, मग आकडेवारीसह १५ दिवसांची लेखी नोटीस. ती शाखेत धाडू नका, शाखा बंद झाली की पाकीट परत येतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता मिळतो. तिथे स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतर याच संहितेच्या कलम ४५खाली थकीत वेतनाचा अर्ज. तो नेमका कोणत्या अधिकाऱ्याकडे, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. मुदत तीन वर्षं. वेतन दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. तरीही पैसे दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

आस्थापना विभागातला:
ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब वेगळा मांडा. वेतन २६,००० आणि सेवा ६ वर्षं ७ महिने असेल तर सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात: २६,००० × १५ ÷ २६ × ७ = १,०५,००० रुपये. ती ३० दिवसांत मिळायला हवी, पुढे व्याज लागतं.

दिवाळखोरीची प्रकरणं पाहणारी:
कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर कामगार कार्यालयात चकरा मारत बसू नका. जाहीर सूचनेत दिलेल्या तारखेच्या आत (ती अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची असते) त्या प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्याकडे, थकबाकीच्या दाव्याचा फॉर्म डी भरा, सोबत पे-स्लिपा आणि बँक स्टेटमेंट. कंपनी विकून पैसे वाटले जातात तेव्हा कामगारांची मागच्या २४ महिन्यांची आणि इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी प्राधान्याने धरतात. पीएफ, ग्रॅच्युइटी फंडांतली रक्कम मात्र त्या वाटपात येतच नाही, म्हणून तिची मागणी स्वतंत्र लिहा.