उडणाऱ्या हळदीकुंकू बदकांचे फोटो शार्प येत नाहीयेत (निकॉन २००-५००, डी७५००)

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीत निकॉनची २००-५०० एमएमची झूम लेन्स घेतली, बॉडी (म्हणजे कॅमेरा) डी७५००, त्याआधी ७०-३०० वापरत होतो. सकाळी पुण्याजवळ कवडीपाटला, नदीवर पक्षी बघायला जातो. बसलेल्या बदकांचे फोटो एकदम कडक येतायत, चोचीचं पिवळं टोक, पिसांच्या कडा, सगळं दिसतं. पण तीच बदकं उडाली की एकतर फ्रेममध्ये सापडतच नाहीत आणि सापडली तर फोकस मागच्या झाडीवर जाऊन बसतो. अपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटर कॅमेरा), छिद्र एफ/८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, शटर १/८०० सेकंदाच्या आसपास मिळतो, व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालू, एएफ-सी (सतत फोकस), सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू). लोक म्हणतात हळदीकुंकू काय, बारा महिने असतंच, पण वळताना पंखावरचा हिरवा पट्टा आणि त्यामागची पांढरी पिसं उन्हात जी चमकतात ना, तेवढी एक फ्रेम मला नीट पाहिजे. काय बदलू?

गोदाकाठ:
बसलेले शार्प येतायत म्हणजे लेन्स ठीक आहे, तिची काळजी सोडा. मुख्य घोळ शटरचा. १/८०० ला बगळा कदाचित जमेल, बदक नाही, बदकाचे पंख फार जोरात चालतात. १/२५०० ठेवा, निदान १/२००० च्या खाली येऊ नका. व्हीआर फक्त तुमचा हात स्थिर करतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर शटर कमी ठेवायचा नाही (व्हीआर ठेवायचंच तर स्पोर्टवर). एफ/८ कशाला, ५.६ किंवा ६.३ वर या, छिद्र मोठं होऊन उजेड जास्त मिळेल. आयएसओ १६०० गेला तरी चालेल, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर काढता येतो, हललेलं बदक काही केल्या सरळ होत नाही. सिंगल पॉइंटऐवजी ग्रुप एरिया (शेजारच्या बिंदूंचा गट) लावून बघा, आणि लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसची हद्द ठरवणारा खटका) इन्फिनिटी ते ६ मीटरवर, म्हणजे फोकस चुकला तरी पार जवळपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ जात नाही. मोड मॅन्युअल (शटर, छिद्र दोन्ही तुम्ही ठरवायचं), आयएसओ ऑटो.

रानवाट:
बाकी सगळं मान्य, ऑटो आयएसओ सोडून. कवडीला मागे कधी काळी झाडी, कधी चकाकणारं पाणी, कधी नुसतं आभाळ. बदक झाडीवरून आभाळात गेलं की कॅमेरा आयएसओ खाली आणतो आणि पक्षी काळा पडतो, खरं तर त्याच्या अंगावरचं ऊन तेवढंच असतं. म्हणून ऊन एकसारखं असेल तर आयएसओसुद्धा फिक्स करा, एखाद्या बसलेल्या बदकावर टेस्ट शॉट घ्या, उजेड बदलला की परत. ढगाळ दिवशी ऑटो चालेल.
आणि बॅक बटन फोकस (शटरच्या बटनाऐवजी मागच्या बटनाने फोकस) लावून घ्या, एई-एल/एएफ-एल बटनाला एएफ-ऑन देता येतं.

अडई:
सेटिंग वर सांगितलीच आहेत, मी वाऱ्याबद्दल लिहिते कारण त्याने जास्त फरक पडतो. बदकं वाऱ्याच्या तोंडाला उठतात आणि तशीच उतरतात. म्हणून ऊनही पाठीशी आणि वाराही पाठीशी अशी जागा धरा, उतरणारा थवा पाय पुढे करून थेट तुमच्याकडे येतो, वेगही कमी झालेला असतो, सुरुवात अशा उतरणाऱ्या बदकांपासूनच करा. उठायच्या आधी ती मान ताठ करतात, डोकं झटक्याने हलवतात, ते दिसलं की कॅमेरा डोळ्याला. हळदीकुंकू, थापट्या, तलवार बदक ही पाण्यावरून जवळजवळ सरळ वर उसळतात म्हणून फ्रेममध्ये वर जागा सोडा. लालसरी, शेंडी बदक पाण्यावर धावत जाऊन उठतात, तसाच वारकरी नावाचा पाणपक्षीपण, तो सरावाला सगळ्यात चांगला.
एक कळकळीची विनंती, उडवण्यासाठी दगड टाकू नका, टाळ्या वाजवू नका, भिगवणला उजनीच्या पाण्यावर गेलात तर नावाड्याला नाव थव्यात घालायला सांगू नका. हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांना परत लांबचा पल्ला गाठायचाय, प्रत्येक वेळी घाबरून उठण्यात त्यांची ताकद जाते. घार आली की थवा आपोआप उठतो, थांबायची तयारी ठेवा.

मुठाकाठ:
खूप उपयोगी, मनापासून आभार. वाऱ्याचा विचारच केला नव्हता. एक राहिलं, ५०० ला पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडतच नाही त्याचं काय? मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेऊ का?

गोदाकाठ:
मोनोपॉड आत्ता नको, उडत्या पक्ष्यामागे वळताना अडकायला होतं. लेन्स सव्वादोन किलोच्या वर आहे, तेव्हा सारखी उचलून धरू नका, पक्षी येतोय दिसलं की उचला. डी७५०० चा सेन्सर छोटा, त्यामुळे त्यावर ५०० म्हणजे ७५० एमएमइतका अरुंद अँगल, इतक्या अरुंद खिडकीत बदक शोधणं अवघडच. ३०० ला धरा, फोकस लागला की झूम करा. या लेन्सची झूम रिंग खूप फिरवावी लागते, एका झटक्यात होत नाही, म्हणून सुरुवातीला ३५०-४०० लाच ठेवून नंतर क्रॉप केलं (फोटो कापून घेतला) तरी चालेल. पाय जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवा आणि कमरेतून वळा, क्लिक झाल्यावरही थोडं वळत राहा. घरच्या गच्चीवरून घारी आणि कबुतरांवर रोज थोडा सराव करा.

रानवाट:
आणि ऊन चढायच्या आत आटपा. नंतर पाण्यावरची हवा थरथरते, मग लांबचं बदक कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही. लेन्सपुढे स्वस्तातला ९५ एमएमचा यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) लावला असेल तर तोही काढून एकदा बघा.