एकाच गाडीची दोन मॅन्युअल, हेड बोल्टचे दोन आकडे. खरं कोणाचं?

स्टेपनी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८६ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेली तीन वर्षं तिची पुस्तकं जमवतोय. गाडीबरोबर मिळतं ते मालकाचं छोटं पुस्तक आहे, कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल आहे (रिंगच्या फाइलमधलं, १९८३ची आवृत्ती) आणि घरी काम करणाऱ्यांसाठी बाहेरच्या प्रकाशकाने काढलेलं एक मॅन्युअल आहे (१९८८).

हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) बदलायला हेड उतरवलंय आणि बसवताना अडलोय. कंपनीचं पुस्तक म्हणतं, बोल्ट तीन टप्प्यांत ८.० किलोग्रॅम-मीटरपर्यंत आवळा आणि १००० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. दुसरं म्हणतं, ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश फिरवा, मग आणखी ९० अंश. बोल्ट नवेच वापरा, पुन्हा आवळू नका. हे तर दोन वेगळ्या इंजिनांचे आकडे वाटतात!

कोणाचं ऐकू? आणि दुसरा प्रश्न, जो खरं तर जास्त छळतोय: दोघांपैकी एक चुकीचं निघालं तर ते कपाटात ठेवण्यात काही अर्थ आहे का?

फिलर गेज

बोल्ट बसवायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. मी २२ वर्षं ही पुस्तकं जमवते आणि त्यातल्या बहुतेकांवर माझ्याच ग्रीसचे ठसे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा अंदाज, दोन्ही पुस्तकं खरी आहेत. तुमच्या इंजिनाचे हेड बोल्ट उत्पादन चालू असताना मधेच बदलले असावेत. जुने बोल्ट साधे. ते ठरावीक टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळायचे, गॅस्केट बसलं की ताण उतरायचा, म्हणून पुन्हा आवळायचे. नंतरचे ताणले जाणारे. यांना आधी थोडा टॉर्क देऊन बसवतात आणि मग अंश मोजून फिरवतात. कारण असं की टॉर्क पान्यावर दिसणाऱ्या आकड्यातला ढोबळमानाने ९० टक्के भाग घर्षणातच जातो, थोडा बोल्टच्या डोक्याखाली आणि थोडा आट्यांत. प्रत्यक्ष हेड दाबून धरायला उरतात दहाएक टक्के. आटे थोडे कोरडे किंवा थोडे तेलकट असले की तोच टॉर्क देऊनही ताण बदलतो. अंशात फिरवलं की घर्षणाचा हा खेळ बराचसा संपतो. पण असा बोल्ट कायमचा लांबलेला असतो, म्हणून नवा घ्यायचा.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि बोल्ट हातात घ्या. डोक्याचा आकार बघा, आट्यांच्या वरची दांडी बारीक केलेली आहे का बघा, लांबी मोजा. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलच्या शेवटी 'पुरवणी' नावाची पानं आहेत का ते शोधा. रिंगच्या फाइली बनवायच्याच यासाठी: नवं पान आलं की जुनं काढून तिथे लावायचं. पण काही मेकॅनिक नवी पानं नुसतीच मागे खोचून ठेवत, काही जण फेकून देत. म्हणून अशी फाइल घेताना मी आधी पानांच्या कोपऱ्यातल्या तारखा बघते. सगळी पानं एकाच महिन्याची असतील तर त्या फाइलला पुरवण्या कधी लागल्याच नाहीत.

पुस्तक 'चुकीचं' कधी असतं तेही सांगते, कारण मी ते भोगलंय. एका जुन्या मॅन्युअलची पुनर्मुद्रित प्रत घेतली होती, छायाप्रतीवरून छापलेली. व्हॉल्व्ह कव्हरच्या एम ६ (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला लिहिलं होतं '१० किलोग्रॅम-मीटर'. मी पाना लावला, आवळत गेले, ठरवलेला जोर झाल्यावर पान्याची येते ती क्लिक येईना, आणि बोल्ट हेडमध्येच तुटला. मूळ आकडा होता १.०. छपाईत टिंब उडालं होतं. तो तुकडा काढायला दोन रविवार गेले. तेव्हापासून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय: ८.८ ग्रेडच्या (ही बोल्टच्या मजबुतीची श्रेणी) साध्या बोल्टला एम ६ साठी सुमारे १० न्यूटन-मीटर, एम ८ साठी २५, एम १० साठी ५०. कुठल्याही पुस्तकातला आकडा याच्या फार बाहेर गेला की मी थांबते आणि दुसरं पुस्तक उघडते. शिवाय एकक. जुनी जपानी पुस्तकं किलोग्रॅम-मीटरमध्ये बोलतात, ब्रिटिश आणि अमेरिकन फूट-पाउंडात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६. तुमचे ८.० म्हणजे साधारण ७८ न्यूटन-मीटर, म्हणजे हेड बोल्टला पटण्यासारखा आकडा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही ठेवा. कंपनीचं मॅन्युअल डीलरकडच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. 'विशेष हत्यार क्रमांक अमुक वापरून काढा' एवढं लिहून ते पुढे जातं. ते हत्यार तुमच्याकडे नसणार, याची त्या पुस्तकाला फिकीर नाही. घरच्यांसाठीची पुस्तकं इथेच जन्माला आली. जॉन हेन्स यांनी मित्राची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करताना कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या कामाचं नाही हे अनुभवलं आणि १९६६ मध्ये त्याच गाडीचं पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं, खोलतानाचे फोटो काढत काढत केलेलं. या पुस्तकांतला 'बसवणे हे काढण्याच्या उलट क्रमाने' हा एका ओळीचा आदेश मात्र मला कधीच पटला नाही. काढताना गंजलेला बोल्ट अडतो, बसवताना अडते ती वॉशर कोणत्या बाजूने होती ही शंका.

त्या शंकेवर एकच औषध, सुट्या भागांचा कॅटलॉग. त्यात एकही सूचना नसते, पण सुटे केलेले भाग ज्या ओळीत काढलेले असतात, तोच जोडण्याचा क्रम असतो. त्यातच 'अमुक चासी नंबरपर्यंत हा भाग, पुढे तो' असंही दिलेलं असतं. तुमच्या बोल्टचा निकाल बहुधा तिथेच लागेल. जमवणारे लोक चकचकीत मॅन्युअलच्या मागे लागतात आणि कॅटलॉग सोडून देतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

कार्बोरेटर

वरच्या ताईंशी सहमत. एक भर: वायरिंगसाठीही 'त्याच देशाचं, त्याच गाडीचं' पुस्तक हवं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट प्रवाह. जर्मन गाड्यांत तपकिरी म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार! एकाची सवय घेऊन दुसऱ्यात हात घातला तर धूर निघेल. जर्मन गाडीत रंगापेक्षा टर्मिनलचे आकडे पाठ करा: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावरचा प्रवाह, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर. हे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आकडे आहेत, एकदा डोक्यात बसले की अनेक आकृत्या सोप्या होतात.

आणि माझा उलट प्रश्न. माझी पुस्तकं दमट खोलीत आहेत, पानं पिवळी पडताहेत. सगळं स्कॅन करून कागद काढून टाकावा का?

फिलर गेज

@कार्बोरेटर, स्कॅन नक्की करा, कागद काढू नका. मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरतं, वायरिंगच्या घडीच्या पानांना ६०० घ्या, नाहीतर दोन बारीक रेषा एक होतात आणि तारेचा माग हरवतो. स्कॅन करून झाल्यावर प्रत्येक टॉर्कचा तक्ता मूळ पानाशी ताडून बघा. टिंबाचा किस्सा वर सांगितलाच आहे.

पिवळेपणा हा लाकडाच्या लगद्याच्या कागदाचा स्वभाव आहे, तो थांबवता येत नाही, उन्हापासून दूर ठेवलं तर मंदावतो. दमटपणा मात्र थांबवता येतो. भिंतीला टेकून ठेवू नका, पुस्तकामागे हवा खेळू द्या, गंजलेल्या पिना काढून टाका. गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं तर पानं एकमेकांना चिकटण्याआधी वेगळी करा, एकदा वाळून चिकटली की फाटल्याशिवाय सुटत नाहीत. आणि तेलाचे डाग घासू नका. डागाखालचा आकडाही जातो.

कागद ठेवायचं खरं कारण वेगळं आहे. माझ्याकडे एका सेडानचं मॅन्युअल आहे, तीस-चाळीस वर्षं कुणाच्या तरी कामाच्या टेबलावर राहिलेलं. समासात पेन्सिलने लिहिलंय, 'हा बोल्ट डाव्या चाकाजवळून काढ, वरून हात जात नाही'. आणखी एका पानावर छापील आकडा खोडून नवा लिहिलाय, शेजारी तारीख. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण दरवेळी ते पान उघडलं की कुणीतरी शेजारी उभं राहून सांगतंय असं वाटतं. असं पुस्तक मी कोऱ्या करकरीत प्रतीशी बदलणार नाही.

स्टेपनी

निकाल सांगतो! कॅटलॉग नव्हता, पण एका जुन्या छंदिष्टाने त्याच्याकडच्या कॅटलॉगमधलं पान पाठवलं. १९८५ च्या मध्यापासून बोल्टचा भाग-क्रमांक बदललाय. माझ्या इंजिन नंबरला नवाच लागतो. उतरवलेल्या बोल्टची दांडीही आट्यांपेक्षा बारीक आहे, आणि दहापैकी दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा सव्वा मिलिमीटर लांब निघाले. नवे बोल्ट मागवलेत.

आणि कंपनीच्या फाइलमध्ये सगळ्या पानांवर खरंच एकच तारीख आहे, मार्च १९८३. पुरवण्या कुणी लावल्याच नाहीत.

फिलर गेज

वा! सव्वा मिलिमीटर मोजलंत म्हणजे तुम्ही पुस्तकापेक्षा पुढे गेलात. कॅटलॉगच्या त्या पानाची प्रत फाइलमध्ये हेडच्या प्रकरणातच लावा, शेवटी नको. आणि १९८३च्या पानावर पेन्सिलने लिहा: 'अमुक इंजिन नंबरपासून लागू नाही'. खाली आजची तारीख टाका.

बोल्टची भोकं हवेने साफ केल्याशिवाय नवे बोल्ट घालू नका. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक तडकू शकतो. आट्यांना तेल लावायचं की नाही, हे १९८८च्या पुस्तकातच बघा.

एक विनंती. तुमची १९८३ची फाइल माझ्याकडच्या फाइलशी जुळते, फक्त माझ्यात गिअरबॉक्सच्या प्रकरणातलं सिंक्रोनायझरच्या मापांचं पान फाटलंय. तुमच्याकडे ते शाबूत असेल तर ६०० डीपीआयवर पाठवाल का? बदल्यात तुम्हाला ब्रेकच्या पुरवणीची सगळी पानं देते, नोव्हेंबर १९८४ ची.