मदत हवी आहे : गणपतराव देशमुखांचे विधानसभेतले जुने प्रश्न आणि भाषणं कुठे वाचायला मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी आमची नववीची मुलं एक हस्तलिखित काढतात. यंदाचा विषय त्यांनीच ठरवला : आबासाहेब. म्हणजे शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) भाई गणपतराव देशमुख. तालुक्याबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की सांगोल्यातून ते अकरा वेळा आमदार झाले. पहिल्यांदा १९६२ साली, शेवटचं २०१४ साली, मतदारसंघ तोच आणि लाल बावटाही तोच. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले.

मुलांनी पंधरा दिवसांत बरंच गोळा केलं. कात्रणं, फोटो, आजोबा-पणजोबांच्या आठवणी. पण सगळं एकत्र मांडल्यावर लक्षात आलं, सगळीकडे तेच तेच आहे. एसटीने प्रवास, साधा पोशाख, साधं घर. खरंच आहे ते, आमच्या डोळ्यांसमोरचं आहे. मी स्वतः लहानपणी स्टँडवर त्यांना पाहिलंय. पांढरं धोतर, हातात पिशवी, आणि गाडी लागेपर्यंत भोवती चार माणसं कागद घेऊन उभी. कुणाची विहीर, कुणाचा डीपी जळलेला, कुणाच्या पोराची बदली. ते कागद उघडून पूर्ण वाचायचे, मगच घडी घालून पिशवीत ठेवायचे.

पण मग वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आबा एसटीनं मुंबईला जायचे हे कळलं. पण तिथं जाऊन काय करायचे?"

मला उत्तर देता आलं नाही. गेले तीन आठवडे तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. पन्नासच्या वर वर्षं एक माणूस सभागृहात बसला, त्यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. आणि आपण त्याच्याबद्दल काय सांगतो, तर तो कोणत्या गाडीने गेला. साधेपणा हा त्यांचा स्वभाव होता, ते काही त्यांचं काम नव्हे. काम सभागृहात झालं, आणि तेच आमच्या हस्तलिखितात नाही.

मला विशेष करून तीन ठिकाणी मदत हवी आहे.

पहिलं, १९७२. त्या निवडणुकीत ते हरले आणि त्याच साली मोठा दुष्काळ पडला. पुढे १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत निवडून आले. म्हणजे आमच्या तालुक्याच्या सगळ्यात वाईट काळात ते आमदारच नव्हते! माझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या उजव्या तळहाताला अंगठ्याखाली हातोडीचा घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. भाकरी थापताना तेवढा भाग ती उचलून धरायची. ती सांगायची, "आबा कामावर यायचे, हजेरीपत्रक बघायचे, सुकडी मिळाली का इचारायचे." सुकडी म्हणजे कामावरच्या मजुरांना मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ. आजीचं हे सांगणं मला जपायचं आहे, पण तिच्या एकटीच्या आठवणीवर मुलांचं लेखन उभं करू नये असं वाटतं. १९७४ ला सभागृहात परत गेल्यावर दुष्काळी कामांवर, मजुरीवर ते काय बोलले, ते शब्दशः मिळालं तर सोनं होईल. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तेव्हा शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीच्या) सरकारात आबा मंत्री होते. हा सगळा धागा मला मुलांना दाखवायचा आहे.

दुसरं, १९९५. तेव्हा अवघ्या १९२ मतांनी ते पडले. पुढची चार वर्षं आमदारकी नव्हती, तेव्हा काय केलं? सूतगिरणी होती, पाण्याच्या परिषदा होत्या, एवढं ऐकून माहीत आहे.

तिसरं, पाणी. कृष्णेचं पाणी आमच्याकडे यावं म्हणून विधानसभेत त्यांनी कधी, कोणत्या शब्दांत विषय काढला?

एका जुन्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक मिळतील म्हणून गेले होते. गठ्ठे होते, पण वाळवीने आतून पोखरलेले. वरचा अंक उचलला तर खालचे चार मातीसारखे सांडले. त्यामुळे आता घाई वाटते. ज्यांना आठवतं ती माणसंही ऐंशीच्या पुढची आहेत.

कृपया कुणी वाट दाखवावी.

प्रतिसाद : मुंबईहून

ताई, वर्गातल्या त्या मुलीचं कौतुक सांगा. मी काही वर्षं विधिमंडळाच्या वार्तांकनाला जात होतो, म्हणून थोडं सांगू शकतो.

विधानसभेची कार्यवाही छापील खंडांत असते, 'महाराष्ट्र विधानसभा वादविवाद' या नावाने. विधान भवनाच्या ग्रंथालयात ती पाहता येते. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र न्या, आणि कोणत्या वर्षांचं काय हवं ते आधीच लिहून न्या. तिथे जाऊन 'आबांचं सगळं द्या' म्हणालात तर कुणालाच मदत करता येणार नाही, पन्नास वर्षांचा ढीग आहे तो. आधी अधिवेशनांच्या तारखा जमवा. मार्चमधलं अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला, हे ढोबळ धरून चला.

आणि फक्त भाषणं शोधू नका. आबांसारख्या माणसाचं खरं काम प्रश्नोत्तराच्या तासात दिसतं. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचं, छापील उत्तर मंत्री वाचतात, ते गुळगुळीत असतं. त्यानंतर उपप्रश्न सुरू होतात. ज्याने जीआर (शासन निर्णय) वाचलाय, आकडे पाठ आहेत आणि गावात काय चाललंय ते माहीत आहे, तो मंत्र्याला तिथे धरतो. आबा मूळचे वकील, हे विसरू नका. आवाज न चढवता विचारायचे. ते उभे राहिले की बाकं शांत व्हायची, हे मी गॅलरीतून पाहिलेलं आहे. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), अर्धा तास चर्चा आणि खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या कपात सूचना, याही चाळा. कपात सूचनेत एखाद्या पाझर तलावाचं नावसुद्धा सापडून जातं.

दोन सोप्या गोष्टी आधी करा. प्रत्येक विधानसभेच्या सदस्यांचा संक्षिप्त परिचय विधिमंडळ छापतं, तो मिळवा. २०१४ ची तेरावी विधानसभा. दुसरं, दिवंगत सदस्यांवर सभागृहात शोकप्रस्ताव येतो. त्यात सगळ्या पक्षांचे लोक बोलतात आणि नेमके प्रसंग सांगतात. तिथून वर्षं मिळतील, मग त्या वर्षांच्या खंडांकडे जा.

प्रतिसाद : आटपाडीहून

मॅडम, तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. १९९५ ला पडले तरी आबा थांबले नाहीत. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आमच्या आटपाडीच्या पाणी परिषदांना ते असायचे. माझे वडील सतरंज्या टाकायला असायचे, मी त्यांच्या मागे. मांडणी सरळ होती. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने जे पाणी महाराष्ट्राला दिलं, त्याची मुदत मे २००० ला संपत होती. पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, आणि अडवलं तर ते फक्त नदीकाठच्या उसाला नको, दुष्काळी तालुक्यांनाही समान न्यायाने हवं. पाणी कऱ्हाडजवळ टेंभूला उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आटपाडी-सांगोल्यापर्यंत आणायचं. तेव्हा लोक हसायचे, कृष्णा कुठं आणि माणदेश कुठं!

तुमच्या मुलांना कालव्यावर घेऊन जा. ज्या दिवशी पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी जा. आणि परिषदांचे ठराव, हँडबिलं जुन्या कार्यकर्त्यांच्या ट्रंकांत अजून आहेत. आमच्या घरी तीन-चार निघतील. फोटो काढून पाठवतो.

प्रतिसाद : पंढरपूरहून

माझे वडील एसटीत वाहक होते. तुम्हाला एसटीच्या आठवणी नकोत हे कळलं, तरी एक सांगतो, उपयोगी पडली तर घ्या. आमदारांसाठी राखीव सीटवर एकदा एक बाळंतीण बसलेली. वडील तिला उठवायला गेले, तर आबांनी हातानेच नको म्हटलं आणि मागे जाऊन बसले. एवढंच नाही. बसल्यावर वडिलांना जवळ बोलावून विचारलं, "तुमची ड्युटी किती तासांची धरतात? ओव्हरटाइम मिळतो का?" आणि पिशवीतून कागद काढून उत्तर लिहून घेतलं. त्याचं पुढे काय झालं, वडिलांना कधी कळलं नाही. तुम्हाला खंडांत एसटी कामगारांवरचा त्यांचा एखादा प्रश्न दिसला तर मला जरूर कळवा. वडील आता नाहीत, पण आईला वाचून दाखवेन.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. पंढरपूरच्या दादा, तुमची आठवण घेणार, आणि ती एसटीच्या पानावर नाही, 'प्रश्न कुठून यायचे' या पानावर. स्टँडवर कागद वाचणारे आबा मी पाहिले होते, पण ते कागद पुढे कुठे जायचे हे तुमच्यामुळे जुळलं.

मुख्याध्यापकांशी आज बोलले, पत्र तयार होतंय. सुट्टीत मुंबईला जाणार आहे, सोबत ती मुलगी आणि तिची आई. यादीत सगळ्यात वर १९७४ च्या पोटनिवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन लिहिलंय, त्याखाली १९७७ मध्ये रोजगार हमीचं विधेयक आलं तेव्हाची चर्चा, आणि तिसऱ्या ओळीवर आता एसटी कामगार.

आटपाडीच्या दादा, हँडबिलांचे फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको, जुनी शाई चमकते आणि अक्षर लागत नाही. ट्रंका उघडायला आम्हीच आलो तरी चालेल का? शाळेपासून तासाभराची वाट आहे. पुढच्या रविवारी मुलं मोकळी आहेत.