मदत हवी आहे: कॅल्क्युलेटर आणि मोबाइलची उत्तरं जुळत नाहीत

रातराणी_७:
लेकीला गृहपाठ तपासायला साधा कॅल्क्युलेटर दिला, तिथेच फसले. तो एक उत्तर देतो, माझा मोबाइल दुसरंच. ती म्हणते मोबाइल बिघडलाय. तासभर डोकं फोडतेय. कॅल्क्युलेटर बदलून आणू का? लवकर सांगा, वही उद्या द्यायची आहे.

शून्यपूर्णांक:
उदाहरण कोणतं? इयत्ता?

जुना_खडू:
मुळात कॅल्क्युलेटर द्यायचाच कशाला? आधी तीसपर्यंत पाढे येऊ देत. आम्ही लॉगच्या तक्त्यांवर अख्खं इंजिनिअरिंग काढलं.

निवांत_दुपार:
काका, तक्ते तरी कशासाठी होते? मोठे गुणाकार टाळायलाच ना!

जुना_खडू:
दशांशचिन्ह कुठे पडणार हे तक्ता सांगत नसे, ते आपलं आपण ठरवायचं. सरकत्या पट्टीवर गुणाकार करायच्या स्लाइड रूलचंही तेच. १९७२ साली एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर आला आणि तेवढं डोकं चालवणंही संपलं.

रातराणी_७:
सहावी. ८ + ४ × ५. कॅल्क्युलेटर ६०, मोबाइल २८. पाढे येतात तिला, तो विषयच नाही.

शून्यपूर्णांक:
मग दोन्ही धड आहेत. बरोबर उत्तर २८. साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल त्या क्रमाने हिशेब उरकत जातो, पुढे काय येणार याची वाट बघत नाही. ८ + ४ नंतर × दाबून थांबा, पडद्यावर १२ दिसतील. त्यावरच करायचं असेल तर एमसी दाबून मेमरी रिकामी करा, मग ८ एम+, ४ × ५ एम+, शेवटी एमआर.

पिंपळपान:
एवढं कशाला? कंचेभागुबेव घोटून घ्या: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी.

निवांत_दुपार:
आणि १० − ३ + २ आलं की? ‘बे’ आधी म्हणून पोरं ५ लिहून मोकळी होतात. उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून सोडवत यायचं. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.

पिंपळपान:
आम्हाला असं कोणी सांगितलं नव्हतं.

उडता_पतंग:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. अबॅकस लावू की टॅबलेट घेऊ?

शून्यपूर्णांक:
वेगळा धागा काढा हो.

रातराणी_७:
आले १२! पण आता वही बघितली. तिने आधी २८च लिहिलं होतं, खोडरबराखाली पुसट दिसतंय. मशीन ६० म्हणालं म्हणून खोडून ६० केलं. अशी अकरा उत्तरं खोडलीत. त्यातली नऊ बरोबर होती.

निवांत_दुपार:
अरेरे. तिला म्हणावं, त्याच कॅल्क्युलेटरवर १ ÷ ३ × ३ करून बघ. पडद्यावर आठ आकडे मावत असतील तर बहुधा ०.९९९९९९९ येईल. त्याच्यावरची श्रद्धा जरा उतरेल.

रातराणी_७:
केलं. तेच आलं. आता म्हणते कॅल्क्युलेटरही बिघडलाय.